तोसे आत्याची नावाडीण

तोसे आत्याची बसायची उशी कुठे मांडायची, यावरून दोघा भावांत सकाळपासून धुसफूस चालली होती.

पितरांच्या देव्हाऱ्यासमोर मांडावी, तर पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी घराण्यातून हाकललेल्या बाईला मान दिल्यासारखं होत होतं. दाराशी मांडावी, तर ज्या कामासाठी तिला नागोयाहून बोलावून घेतलं होतं ते काम फिसकटायचं. ओरिए उशी हातात घेऊन मधे उभी होती. मामंजींच्या श्राद्धाचं हे तेरावं वर्ष. स्वयंपाकघरात कमळकाकड्या शिजत होत्या, पुजारीबुवा यायची वेळ झाली होती, आणि ओसाकातलं एक नामांकित नट-घराणं एका उशीपाशी अडून बसलं होतं.

"होरिगुचींच्या शेजारी ठेवा," धाकटा भाऊ उमेझो म्हणाला. तो रंगमंचावर खलनायक करायचा आणि घरी सल्लागार. "नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणजे पाहुणे. पाहुण्यांशेजारी पाहुणी. म्हटलं तर मान, म्हटलं तर नाही."

"शाबास," केन्किची म्हणाला. "ओरिए, ठेव तिथे. आणि अशी धपकन टाकू नकोस. बाईमाणसाने उशी ठेवावी तर कमळाचं पान पाण्यावर टेकवल्यासारखी."

केन्किची म्हणजे ओरिएचा नवरा. रंगमंचावरचं नाव तोगावा शिनोजो, चौथा. स्त्रीपार्टी. काबुकी नाटकांत बायकांची कामं पुरुषच करतात, आणि तोगावांच्या घरात तर पिढ्यान् पिढ्या थोरला मुलगा जन्मला की त्याच्यासाठी बायकांचे किमोनो शिवायला टाकत, इतकाच काय तो इतर घरांहून फरक. केन्किची दिवसभर घरातही पावलं जुळवून चालायचा, वाऱ्याची झुळूक आली की गळ्याशी हात न्यायचा, आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायकोला बाईसारखं कसं बसावं ते शिकवायचा. ओरिएने एकदा, नव्या नवरीच्या भाबडेपणाने, "म्हणजे मी आत्ता कशासारखी बसलेय?" असं विचारलं होतं. तेव्हा तो दोन दिवस बोलला नव्हता. पुन्हा तिने विचारलं नाही.

खरी अडचण अशी होती, की घराण्याचा हुकमाचा एक्काच हरवला होता. 'नावाडीण' हा मामंजींचा, म्हणजे थोरल्या शिनोजोंचा, नाच. धुक्यातल्या नदीवर एक बाई माणसांची ने-आण करते. तिचा नवरा पैलतीरी गेला तो परत आलेला नाही. उतारू बदलतात, ती प्रत्येकाकडे त्याची चौकशी करते. बास, एवढंच. पण त्या एवढ्याशा नाचावर मामंजींनी तीस वर्षं ओसाकाला वेड लावलं होतं. ते नाचत तेव्हा केन्किची कायम आत, पुढच्या अंकासाठी तोंडाला रंग फासत बसलेला असायचा. शिकवण्याची वेळ आली की मामंजी म्हणायचे, "अजून पिकला नाहीस." असं म्हणता म्हणता ते गेले. मग युद्धात बॉम्ब पडले, त्यात घर, पोशाख आणि म्हातारे वादकही गेले. गेल्या वर्षी केन्किचीने अंदाजपंचे नावाडीण उभी केली, तर मधल्या भागात प्रेक्षकांत खोकल्याची साथ आली. आता नाट्यगृहाच्या मालकांचं मन सिनेमात रमू लागलं होतं. शरद ऋतूत नावाडीण रंगली तर तोगावांना पुढचं वर्ष, नाही तर तिथे पडदा लावून सिनेमे दाखवणार, असं होरिगुचींनी गोड शब्दांत कळवलं होतं.

आणि नावाडीण जगात आता एकाच माणसाला येत होती. मामंजींच्या थोरल्या बहिणीला. कारण, घरात ज्याचा कधी उच्चार होत नसे ते सांगायचं तर, तो नाच मुळात तिचाच होता.

---

आत्याबाई आल्या त्या एकट्याच, पाठीला गाठोडं बांधून. वय ऐंशीच्या घरात, पण पायऱ्या अशा चढल्या की उमेझोने आधाराला पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"मी उमेझो, आत्या."

"तू होय. तुझ्या बापासारखा दिसतोस. तोही असाच उशिरा हात द्यायचा."

पुजारीबुवांचं पठण झालं, धूप झाला, पुजारीबुवा दक्षिणा घेऊन दुसऱ्या घरच्या श्राद्धाला गेले. पानं मांडली गेली. आत्याबाईंनी तिळाचा टोफू संपवला, कमळकाकड्या संपवल्या, होरिगुचींच्या पानातल्या उरलेल्याही विचारून संपवल्या. बाकीचे पानातलं नुसतं चिवडत होते. ओरिए तांदळाची साके ओतत फिरत होती आणि तिला या म्हातारीचं जेवण बघायला फार बरं वाटत होतं. या घरात इतक्या वर्षांत कोणी बाई पोटभर जेवताना दिसली नव्हती. केन्किचीच्या मते ते नजाकतीत बसत नव्हतं.

होरिगुचींनी प्रस्तावना सुरू केली. त्यांचं पदवीशिक्षण झालेलं होतं, त्यामुळे त्यांना थेट बोलता येत नसे.

"काबुकीतली स्त्री ही पुरुषाच्या साधनेतून घडते," ते म्हणाले. "बाई ही मुळातच बाई असते. तिला काय साधायचं असतं? पुरुष मात्र बाहेरून बघतो, म्हणून त्याला खरी स्त्री दिसते. म्हणून स्त्रीची भूमिका पुरुषानेच करावी."

"खरंय," आत्याबाई मान हलवत म्हणाल्या. "आणि पुरुषाची?"

"म्हणजे?"

"पुरुषाची भूमिका बायकांनी करावी ना मग? आम्ही करत होतो. आमच्या मंडळीत सामुराई, दरोडेखोर, मठाधिपती सगळ्या बायकाच. एक ओहारु म्हणून होती, ती दरोडेखोर अशी करायची की प्रयोगानंतर पोलीस येऊन तिच्याशी अदबीने बोलायचे. आणि हा केन्किची तर जेवतानाही बाईच; मग तुमच्या हिशेबाने याने जन्मभर चुकीच्या भूमिका केल्या नाहीत का?"

थोरला मुलगा र्‍योहेई फिसकन हसला. ओरिए-केन्किचीचा हा मुलगा एकोणीस वर्षांचा, घराण्याचा वारस, डोळ्यांत कायम चुकून इथे आल्यासारखे भाव. बापाने बघितल्यावर त्याने चेहरा टोफूत घातला.

"आत्या, तो काळ वेगळा होता," उमेझो म्हणाला.

"काळ कसला वेगळा. हा धंदा क्योतोला कोरड्या नदीपात्रात एका बाईने नाचून सुरू केला. चांगला चालायला लागल्यावर सरकारच्या लक्षात आलं की याने नीतिमत्ता बिघडते, म्हणून बायकांना हाकललं. मग सुंदर पोरं नाचायला लागली, त्यांनीही बिघडली, म्हणून पोरांना हाकललं. मग तुम्ही आलात. तुमच्याने कुणाची बिघडेल अशी सरकारला काळजी वाटली नाही." त्यांनी पेला पुढे केला. "ओत गं, ओरिए."

त्यांनी आपलं नाव घेतलं याचं ओरिएला नवल वाटलं. सासरच्या पाहुण्यांत हे सहसा घडत नसे.

केन्किचीने शेवटी बाही सावरून, नजर खाली घालून, गळ्यात कंप आणून विनंती केली. रंगमंचावर यावर हमखास टाळ्या पडत. "आत्या, आमच्या वडिलांची नावाडीण... तुमच्या आठवणीत जर तिचा काही अंश उरला असेल..."

"शिकवते की," आत्याबाई म्हणाल्या.

सौद्याची तयारी करून बसलेल्या माणसाला न मागता माल मिळाला की तो जसा बावचळतो, तसे दोघे भाऊ बावचळले.

"अट वगैरे?" उमेझोने सावधपणे विचारलं.

"आधी बघू तरी, कुणाला येतंय. वल्हं आणा."

---

वल्हं म्हणून कपडे वाळत घालायचा बांबू आला. पानं उचलली, मधली सरकती दारं काढली आणि दोन खोल्यांची एक झाली.

आत्याबाई उठल्या, त्यांनी बांबू धरला आणि नुसतं वल्हवून दाखवलं. नाच असा नाहीच. कंबर, खांदा, मनगट. चटईवर उभ्या होत्या, पण बघणाऱ्याला आपणच किनाऱ्यावर मागे पडत चाललो आहोत असं वाटावं. मधे एका उतारूकडून कळतं, की नवरा पैलतीरावर दुसरं घर मांडून सुखात आहे. तिथे त्या थांबल्या. "इथला भाग महत्त्वाचा. माझे गुडघे आता तो करू देत नाहीत. मी बोलते, तुम्ही करा. चल केन्किची."

केन्किचीने केलं. सुरेखच केलं. मान एखाद्या फुलासारखी कलली, बाही ओठांशी गेली, बातमी ऐकताच तो लटपटला, बांबू निसटू दिला आणि बाहीत तोंड लपवून हुंदका दिला. होरिगुचींनी डोळे पुसले.

"होडी गेली," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"होडी गेली वाहून. तू रडायला थांबलीस, बाई. होडीत माणसं बसलीत, बुडतील ना ती. तिला रडायचंय हे खरं, पण वल्हं कोण मारणार?"

"पण आत्या, स्त्रीचं मन त्या क्षणी..."

"तू बाई करतोयस, केन्किची. ती बाई करत नाहीये. ती वल्हवतेय."

मग र्‍योहेईची पाळी आली. त्याने बांबू उचलला तो देव्हाऱ्यातल्या कंदिलाला लागला. "आजी," तो शांतपणे म्हणाला, "मी या होडीत चढलो तर उतारू पोहत जातील." आत्याबाईंनी प्रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला बसवलं.

"ती दाराआडची कोण?"

दाराआड ओरिएची मुलगी चिझू होती. सोळा वर्षांची. ती लहानपणी रंगमंचावर जायची. नटांच्या घरातल्या लेकी तेवढ्या वयापुरत्या जातात. राजपुत्र, फुलपाखरू, हरवलेलं मूल, अशी कामं तिने केली होती, आणि तेव्हा होरिगुचीच तिला उचलून घेत. मग अकरावं लागलं आणि एक दिवस ओरिएनेच तिची रंगाची पेटी माळ्यावर ठेवली. पोरगी रडली नाही, हेच तेव्हा ओरिएला खुपलं होतं. त्यानंतर भावाच्या शिकवणीच्या वेळी दाराच्या फटीत कायम एक डोळा असे, आणि त्याची चुकलेली पावलं ती रात्री त्याला दुरुस्त करून देई. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

"तिला कशाला, ती मुलगी आहे," केन्किची म्हणाला.

"नावाडीणही होती," आत्याबाई म्हणाल्या. "ये गं. नुसतं मला आठवायला मदत."

चिझू आली. स्वयंपाकघरातला ॲप्रन तसाच होता. तिने बांबू धरला आणि आत्याबाई हलक्या आवाजात गाऊ लागल्या. पहिला उतारू, दुसरा उतारू. पोरगी काही सुंदर वगैरे दिसत नव्हती. कपाळावर घाम आला होता, ओठ आवळलेले होते. मग बातमी आली. तिचं वल्हं थांबलं नाही. फक्त हात बदलला. वरचा खाली गेला, खालचा वर आला, आणि बांबू दुसऱ्या बाजूने चालू लागला, तितक्याच संथपणे. बाकी काही नाही. पण खोलीत सगळ्यांना कळलं, की आता ही बाई कुणालाही काही विचारणार नाही.

ओरिएला आपल्या मांडीवरचे हात दिसले. साकेचं भांडं त्यांत तसंच होतं. तिला वाटलं, आपण हात कधी बदलला? बदलला तर होताच कधीतरी, या घरात, कुणाच्या ध्यानात न येता.

पहिले होरिगुची बोलले. त्यांचा आवाज खराच भरून आला होता. "हेच," ते म्हणाले. "हेच ते. थोरल्या शिनोजोंची नावाडीण." आणि मग मान हलवत, "काय पण वाया गेलं. मुलगा असती तर."

---

यानंतर जे घडलं त्याचं ओरिएला पुढे कायम आश्चर्य वाटत राहिलं. सकाळपासून एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे भाऊ आणि व्यवस्थापक अर्ध्या पेल्यात एक झाले.

"सोपं आहे," उमेझो म्हणाला. "चिझू आत्याकडून शिकेल. चिझू घरी दादाला शिकवेल. दादा शरदात उभा राहील."

"जाहिरातीत लिहू, 'पित्याकडून पुत्राला लाभलेला वारसा'," होरिगुची म्हणाले.

"मी वडिलांकडूनच शिकलो असं म्हणता येईल," केन्किची विचार करत म्हणाला. "रक्तातून. मधे मुलगी म्हणजे काय, नळासारखी. पाणी काही नळाचं नसतं." आपलं वाक्य त्याला आवडलं. "चिझू, तुला आवडेल ना बाबांना मदत करायला?"

चिझू बांबू भिंतीला टेकवत होती.

"छान जमलं तुमचं," आत्याबाई म्हणाल्या. "आता माझं ऐका. मघाशी उमेझोने अट विचारली होती. नाच देते म्हणाले, तो देतेच. पण माझ्यानंतर तो कुणाच्या तरी अंगात राहायला हवा, आणि ते अंग मला आत्ता सापडलं. नागोयाला माझ्या घराशेजारी छोटं थिएटर आहे. चार-पाच जणी मिळून प्रयोग करतो. प्रेक्षकांत न्हाव्यांच्या बायका असतात, गिरणीतल्या पोरी असतात. खोकत नाहीत. पोरगी माझ्याबरोबर येऊ दे. नावाडीण ती करेल. स्वतःच्या नावाने, तोगावा चिझू."

केन्किचीच्या आवाजातला कंप एकदम नाहीसा झाला. ओरिएने त्याचा खरा आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकला. तो चांगला जाडाभरडा होता.

"तोगावा नाव लावून मुलगी पैशाने नाचणार? मी जिवंत असताना? तुमच्या वेळी आजोबांनी केलं तेच मी करीन. नाव कापीन तिचं घराण्यातून."

"काप की," आत्याबाई म्हणाल्या. "पण कापायला आधी ते लिहावं लागेल. माझ्या वेळचं सांगते. बाबांनी वर्तमानपत्रात जाहीर केलं, तोसे या नावाच्या मुलीशी आमच्या घराण्याचा संबंध नाही. तोवर तोगावांना मुलगी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमचं थिएटर भरलं. लोक म्हणाले, कोण ही, बघू तरी. महिनाभर तिकिटं मिळत नव्हती. तुझा बाप लपून बघायला आला, स्वस्तातल्या जागेवर, तोंडाला फडकं बांधून. मी रंगमंचावरून ओळखला. रोज यायचा. मला वाटलं, बहिणीची आठवण येते."

त्या हसल्या नाहीत. ओरिएला वाटलं, इतका वेळ या बाई थट्टेच्या आडोशाला बसून होत्या, आता एका वाक्यापुरत्या बाहेर आल्या.

"पण त्याने माझाच नाच इकडे स्वतःच्या नावावर उभा केला, तेव्हाही मला राग आला नाही," त्या म्हणाल्या. "चांगला करायचा तो. फक्त हात बदलताना प्रेक्षकांकडे बघायचा."

उमेझोने वाऱ्याची दिशा हेरली. "दादा, एका अर्थी बघितलं तर," तो म्हणाला, "नागोयात बोलबाला झाला तर इकडे आपल्यालाही..." होरिगुची हळूच मान डोलावू लागले होते. तेवढ्यात केन्किचीने हात वर केला.

"बास. ही माझी मुलगी आहे आणि हिची आई इथे बसलीय. मुलीचा प्रश्न आईने सोडवावा. ओरिए, सांग यांना."

तो निर्धास्त होता. वीस वर्षांत 'ओरिए, सांग' म्हटल्यावर तिने तेच सांगितलं होतं जे त्याला हवं होतं. प्रयोगाच्या आश्रयदात्यांना, शिंप्याला, डॉक्टरला.

ओरिए चिझूकडे वळली. "तुला काय करायचंय?"

"मला वल्हवायचंय, आई," चिझू म्हणाली. आणि मग, "बाबांना शिकवायचं नाहीये."

"मग जा," ओरिए म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली आणि अगदी मऊ आवाजात, त्याने शिकवलेल्या पद्धतीने हात मांडीवर जुळवून म्हणाली, "अहो, जाऊ दे तिला. मी सांगितलं."

र्‍योहेई उठला. "मी गाठोडं बांधतो," तो म्हणाला, आणि बाहेर जाताना बहिणीच्या डोक्यावर टपली मारून गेला. त्या दिवशी त्या घराण्यातल्या पुरुषाने केलेलं एवढंच एक नीटनेटकं काम.

---

आगगाडी संध्याकाळची होती. होरिगुची आधीच पसार झाले, उमेझो त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेला. आत्याबाईंनी निघताना देव्हाऱ्यासमोर भावाच्या तसबिरीला हात जोडले आणि कमळकाकड्या उरल्या आहेत का ते विचारलं. ओरिएने डबा भरून दिला. चिझूने दारात मागे वळून बघितलं. र्‍योहेई त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेला.

ओरिए दारातून आत परत आली तेव्हा मधली दारं अजून काढलेलीच होती. उजेड उतरत चालला होता. केन्किची त्या मोठ्या मोकळ्या खोलीत एकटाच उभा होता, हातात बांबू. किमोनो गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, पाय फाकवलेले. ती उंबऱ्यात थांबली. तो वल्हवत होता. वाईट वल्हवत होता, खांदा चुकत होता, पण मान कललेली नव्हती आणि बाही ओठांशी जात नव्हती. त्याचा चेहरा म्हातारा आणि गोंधळलेला दिसत होता. तिला त्याची दया आली. तिला तो जरा आवडलाही.

मधल्या जागी तो अडखळला. पुन्हा मागे गेला, पुन्हा अडखळला. मग त्याला ती दिसली.

"ओरिए," तो म्हणाला. "ती हात बदलते ना, तेव्हा कुठला हात वर येतो? डावा की उजवा? तू तर समोरच बसली होतीस."

ओरिएच्या डोळ्यांसमोर पोरीचे दोन्ही हात स्वच्छ उभे होते, बोटं आणि नखांसकट.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "मी साके ओतत होते, माझं लक्ष नव्हतं."

आणि ती उरलेली भांडी उचलायला वाकली.